उलव्यात आहे काय?

"उलवे? ते कुठं आलं? आणि तिथं आहे काय?"

हा प्रश्न मी किती वेळा ऐकलाय याचा हिशेब आता सोडून दिलाय. कॉलेजचे मित्र विचारतात, पुण्याची मावशी विचारते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी काकासुद्धा विचारतात. पूर्वी मी ओशाळून "बेलापूरजवळ" असं म्हणायचो. जणू काही बेलापूरचं नाव घेतलं की माझी अब्रू वाचणार होती! आता मात्र या प्रश्नाचा राग येतो, आणि तो का येतो ते एकदा लिहायचंच होतं. नातेवाईक मंडळींनी वाचून वाईट वाटून घेऊ नये. घेतलंत तरी चालेल म्हणा.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. जून २०२३ मध्ये मी इथं राहायला आलो, तेव्हा पहिलं वर्षभर हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होतो. नोकरी बेलापूरला आणि भाडं परवडलं ते उलव्यात, एवढाच आमचा संबंध. तेव्हा लोकलचं शेवटचं स्टेशन खारकोपर होतं. पुढे उरणपर्यंत गाडी सुरू झाली ती जानेवारी २०२४ मध्ये. शेवटच्या स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला उगीचच आपण जगाच्या टोकाला आल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी पाठीला सॅक लावून मी कोकण भवनच्या थांब्यावर पुण्याच्या बसची वाट बघत उभा. पुण्यात जाऊन काय करायचो? तर कॉलेजच्या त्याच कट्ट्यावर त्याच चौघांबरोबर त्याच आठवणी काढायचो. रविवारी रात्री परत. खोलीत भिंतीवर एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. "कशाला, थोडेच दिवस तर राहायचंय!"

आपल्याकडे कॉलेजच्या दिवसांबद्दल एक भलतीच अंधश्रद्धा आहे. ते दिवस सोन्याचे, मग आयुष्य म्हणजे ईएमआय आणि गुडघेदुखी. २०१३ साली 'दुनियादारी' आला तेव्हा आम्ही शाळेत होतो, म्हणजे कॉलेजला जायच्या आधीच कॉलेज संपल्याचं दुःख आम्हाला पाठ झालं होतं! बावीस-तेविसाव्या वर्षी, आयुष्याचा चांगला भाग उरकला असं समजून उरलेली पन्नास वर्षं गप्पा मारत काढायची, याला काय म्हणावं? खरं सांगायचं तर कॉलेजमध्ये मी निम्मा वेळ कंटाळलेलो असायचो. मेसची आमटी, सबमिशनच्या रात्री, खिशात पैसे नाहीत. पण हे बोलायची चोरी. बोललं की मित्र तोंड वळवतात.

ही झाली एक पार्टी. मागे बघणारी.

दुसरी पार्टी पुढे बघणारी, आणि तिचे अध्यक्ष आमचे मामा. (मामा, तुम्ही वाचणार ठाऊक आहे. तुमच्यावर प्रेम आहेच, पण हे ऐकाच.) मामांना उलवे आवडतं. फार आवडतं. ते म्हणतात, "अरे, अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आता रेट बघ कुठं जातो! एक वन बीएचके घेऊन ठेव, भाड्याने दे, आणि स्वतः राहा पुण्याला." मामा आजवर दोनदा उलव्याला आले. दोन्ही वेळा त्यांनी इमारती पाहिल्या, मजले मोजले, ब्रोकरचा नंबर घेतला आणि निघाले. खाडी कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

माझं म्हणणं असं की या दोन पार्ट्यांचा रोग एकच आहे. एकाला उलव्यात काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याला फक्त उद्याचा भाव दिसतो. आज, मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता इथं जे चाललंय, ते दोघांनाही दिसत नाही.

मला ते दिसायला लागलं तेही अपघातानेच. दुसऱ्या पावसाळ्यात एका शुक्रवारी पाऊस असा लागला की बसची वाट बघण्यात अर्थच नव्हता. झक मारत शनिवार-रविवार इथंच काढला. शनिवारी दुपारी उघडीप झाली म्हणून छत्री घेऊन मोरावे गावाच्या बाजूला नुसता चालत सुटलो. ओहोटी होती. चिखलात काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं, मला वाटलं बेडूक. तिथं मासळीची पाटी घेऊन बसलेली मावशी हसली. "अरे बाला, निवट्या त्या! खाल्ल्या नाहीस कधी?" मासा असून चिखलावर उड्या मारत फिरतो, हे मला इंजिनियर होऊनही माहीत नव्हतं. तिने सुका जवळा दिला आणि कसा करायचा ते तोंडी सांगितलं: आधी नीट निवडायचा, कोरडा भाजायचा, धुऊन पिळून घ्यायचा, मग भरपूर कांद्यावर परतायचा, वरून कोकम. रात्री केला. पहिल्या वेळी मिठाची वाट लागली (जवळ्यात मीठ असतंच, हे सांगायचं ती विसरली). तरी रूममेटने आणि मी कढई पुसून खाल्ली. त्या रात्री मला पुण्याची आठवण आली नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

मग हळूहळू यादी वाढत गेली. बेलापूर सोडलं की गाडी खाडीवरून येते. दोन्ही बाजूंना खारफुटी, भरतीला झाडांच्या बुंध्यापर्यंत पाणी आणि ओहोटीला नुसता काळा चमकता चिखल, त्यात बगळे. गाडीतले निम्मे लोक या वेळी मोबाईलमधून मान वर काढतात, मी मोजलंय. रविवारी मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलच्या स्पर्धा, लाउडस्पीकरवरचं ते धावतं समालोचन, जे ऐकून कुठल्याही फुलटॉसला इतिहास घडतोय असं वाटतं. लग्नसराईत गावातल्या हळदी, ज्यांच्या डीजेला मी पहिल्या वर्षी शिव्या दिल्या आणि दुसऱ्या वर्षी ओळखीच्या घरी हळदीला जाऊन नाचलो. आणि आता गच्चीवरून विमानं. २५ डिसेंबर २०२५ ला विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हा आमच्या इमारतीतली पोरं दर विमानाला ओरडायची. महिना झाला तरी ओरडत होती. मीही.

इथं कुणीतरी म्हणणार, "साध्या गोष्टींत आनंद वगैरे ठीक आहे रे, पण हे म्हणजे गैरसोयीला गोंजारणं झालं." मान्य, हा मुद्दा खरा आहे. इथं उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते. बांधकामाची धूळ कपड्यांवर बसते. गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबायचं. नाटक बघायचं तर वाशीचं विष्णुदास भावे नाही तर पनवेलचं फडके नाट्यगृह गाठायचं. आणि "छोट्या छोट्या गोष्टींत सुख शोधा" असं जे मोठी घरं असलेले लोक सांगत फिरतात, त्यांचा मलाही वैताग येतो.

पण गंमत बघा. पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीत पाण्यासाठी मीटिंग झाली, तेव्हा मी गेलो नव्हतो. कशाला जाऊ? मी शुक्रवारी पुण्याला जाणार होतो! ज्यांनी फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेत तेही आले नव्हते. भांडायला आले होते ते इथं राहणारे मोजके लोक. आता मी जातो, आणि चांगला तावातावाने भांडतो. जागेवर जीव जडला म्हणून तक्रार संपत नाही, उलट तेव्हाच ती सुरू होते. पाण्याचं काय ते बघू म्हणणारा माणूस बॅग भरून बसलेल्यांतून कधीच निघत नाही.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं.

गेल्या हिवाळ्यात टपरीवर चहा पिताना एका म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली. मी विचारलं, "बाबा, तुम्ही इथलेच का?" ते म्हणाले, "आमचा उलवा इथं नव्हता. तिकडं होता." आणि विमानतळाच्या दिशेने हात केला. मला आधी कळेचना. मग घरी येऊन वाचलं. ज्या गावाचं नाव या सगळ्या सेक्टरांना दिलंय, ते मूळ उलवे गाव विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक. त्याबरोबर तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा अशी गावं गेली. सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट केली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. म्हणजे गाव, टेकडी, नदी तिन्ही जागेवर राहिली नाहीत. नाव तेवढं राहिलं.

त्याच्याही आधी, १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये इथून जवळच जासईच्या भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्या प्लॉटच्या भावाबद्दल मामा बोलतात त्यातल्या कित्येकांच्या मागे हा इतिहास आहे. इथं खारजमिनीत भात होता, मिठागरं होती, मासेमारी होती. मला वाटतं, त्या वेळीही नकाशावर बोट ठेवून कुणीतरी म्हणालं असेलच, "इथं आहे काय?"

म्हणून मला या प्रश्नाचा राग येतो. तो नुसता अज्ञानाचा प्रश्न नाही. "इथं काहीच नाही" असं एकदा ठरवलं की तिथं काहीही करायला आपण मोकळे होतो. टेकडी उडवायला, आणि वर्षभर राहून शेजाऱ्याचं नावसुद्धा न विचारायलाही. दुसरी गोष्ट मी स्वतः केलीय. आणि माझा सुखाचा हा पसारा त्या बाबांच्या गेलेल्या गावावर उभा आहे, हेही मला माहीत आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण निदान राहतोय तिथं डोळे उघडे ठेवून राहायचं, विचारायचं, ऐकायचं, एवढं तरी देणं लागतोच.

असो. मामा, फ्लॅट मी घेत नाहीये, तेवढे पैसेच नाहीत. भाड्याचा करार मात्र परवा वाढवला, आणि भिंतीवर दोन खिळे ठोकले. मित्रांनो, पुढच्या वेळी कट्ट्यावर मी येणार नाही, तुम्हीच या. शनिवारी दुपारी ओहोटी बघून या, म्हणजे निवट्या दाखवतो. रात्री जवळा करीन. आता मीठ बरोबर पडतं.