स्वस्त फोर-के मॉनिटर घ्यावा काय?



रविवारी बुद्धवंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर पालक मंडळी आमच्याभोवती जमतात. मुलाला कुठल्या शाखेत घालावे, वसतिगृह मिळेल काय, असे त्यांचे नेहमीचे प्रश्न. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "दुकानदार म्हणतो, फोर-के मॉनिटर आता स्वस्त झालेत, साधा कशाला घेता? मग घ्यावा काय?"

प्रश्न किरकोळ नाही. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरपेक्षा २७ इंची फोर-के स्वस्तातला घेतला तरी साधारण दुप्पट ते अडीचपट पैसे मोजावे लागतात. तो फरक म्हणजे कुणाची भिशी असते, कुणाचा बोनस, तर कुणाच्या मुलीची परीक्षा फी. म्हणून या खेपेस सदरात हाच विषय घेत आहोत.

आधी फोर-के म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचे चित्र आणि अक्षर बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजारांवर ठिपके असतात. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर चौपट.

परंतु एकूण आकड्यापेक्षा एका इंचात किती ठिपके बसले हे महत्त्वाचे. २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात. तेवढेच ठिपके २७ इंची पडद्यावर पसरले की इंचाला ८२ उरतात. म्हणजे पडदा मोठा झाला, पण अक्षर जाडेभरडे झाले. पुष्कळ लोक इथेच फसतात. २७ इंची फोर-के पडद्यावर मात्र इंचाला १६३ ठिपके येतात.

याचा खरा फायदा मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला होतो. आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर रेफ आणि अनुस्वार, पायाशी उकार, आणि मध्ये जोडाक्षर अशी दाटी असते. 'बुद्ध' या शब्दातला 'द्ध' आणि 'विद्वान' या शब्दातला 'द्व' जाड ठिपक्यांच्या पडद्यावर लहान टाइपात सारखेच भासतात. जो डीटीपीचे काम करतो, मुद्रिते तपासतो, त्याला हा त्रास ठाऊक आहे. दाट ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षर छापील पुस्तकासारखे रेखीव दिसते.

दुसरा फायदा जुनी कागदपत्रे वाचताना होतो. १९२० चा 'मूकनायक' किंवा १९२७ चा 'बहिष्कृत भारत' स्कॅन केलेल्या पानांवर वाचायचा, तर शाई पसरलेले बारीक अक्षर वाचताना डोळे शिणतात. २७ इंची फोर-के पडद्यावर ए-फोर आकाराची दोन पाने शेजारी शेजारी, पुरत्या आकारात मावतात आणि स्पष्ट वाचता येतात. संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही मोठीच सोय आहे.

आता उणिवा पाहू. दुकानात त्या सहसा कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ठिपके चौपट झाले म्हणून कामाची जागा चौपट होत नाही. २७ इंची फोर-के पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, म्हणून ती दीडपट मोठी करून घ्यावी लागतात. तसे केल्यावर कामाला मिळणारी जागा २५६० × १४४० ठिपक्यांच्या पडद्याइतकी राहते. पैसे जातात ते रेखीवपणासाठी. शिवाय काही जुनी सॉफ्टवेअरे अशी मोठी केल्यावर धूसर दिसतात. डीटीपी करणाऱ्यांनी आपले सॉफ्टवेअर आधी तपासावे.

दुसरी उणीव कॉम्प्युटरच्या बाजूची आहे, आणि खरे नुकसान तिथेच होते. आमच्या वस्तीतल्या एका घरची हकीकत सांगतो. मुलगी घरी बसून लग्नपत्रिका आणि पुस्तकांचे डीटीपी करते. वडिलांनी हप्त्यावर फोर-के मॉनिटर आणून दिला. अक्षर सुरेख दिसू लागले, पण माउसचा बाण अडखळत चाले, मजकूर सरकवला की थरथरे. दुकानदार म्हणाला, "तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, नवा घ्या." म्हणजे पहिला हप्ता फिटायच्या आत दुसरा खड्डा! शेवटी विहाराच्या अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थ्याने कॉम्प्युटरची मागची बाजू पाहिली. मॉनिटर एचडीएमआय खाचेत जोडलेला होता. २०२० पूर्वीच्या अनेक स्वस्त मदरबोर्डांवर ही खाच जुन्या १.४ प्रकारची असते. तिच्यातून फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा जाते. साध्या कामालाही ६० लागतात. शेजारीच डिस्प्लेपोर्ट नावाची खाच रिकामी होती. काही शे रुपयांची त्या खाचेची केबल आणली आणि काम भागले.

पण प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरला ही दुसरी खाच असतेच असे नाही. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी कॉम्प्युटरच्या मागे कोणत्या खाचा आहेत त्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ वा त्यापुढचे असेल तर फोर-के ६० वर चालते. फक्त जुनी निळी व्हीजीए खाच असेल, तर फोर-केचा विचार सोडून द्यावा.

तिसरी उणीव खोक्यावरच्या मोठ्या शब्दांची. 'एचडीआर' असे ठळक छापलेले असते. त्याचा खरा परिणाम दिसायला पडदा पुष्कळ तेजस्वी हवा आणि त्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद-प्रखर होता आले पाहिजेत. स्वस्त मॉनिटरचे तेज साधारण २५० ते ३५० निट्सचे असते आणि मागचा दिवा सगळीकडे एकसारखा जळतो. तेव्हा या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत. पडद्याचे प्रकारही दोन. आयपीएस बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाही, म्हणून दोन भावंडे मिळून अभ्यासाला बसतात त्या घरी तो बरा. व्हीए पडद्यावर काळा रंग अधिक गडद दिसतो, पण बाजूने पाहिले की रंग फिका पडतो.

चौथी उणीव स्टँडची. स्वस्त मॉनिटर पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. मान वाकवून तासन् तास बसले की खांदे भरून येतात. खाली लाकडी पाट ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. मागे चौकोनात चार भोके असतील तर भिंतीवर बसवता येतो. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढीच जागा वाचते.

आणि हेही ध्यानात असू द्या. ठिपके वाढले म्हणून चष्म्याचा नंबर कमी होत नाही. पडदा हातभर अंतरावर ठेवावा, आणि दर २० मिनिटांनी गॅलरीत जाऊन दूरवर नजर टाकावी.

मग घ्यावा काय? घरात कोणी रोज पाच-सहा तास अक्षराचेच काम करत असेल आणि कॉम्प्युटर पेलणारा असेल, तर घ्यावा. तो पैसा वाया जात नाही. मूल ऑनलाइन तास पाहते, फॉर्म भरते, शाळेचा प्रकल्प करते एवढेच असेल, तर २४ इंची फुल एचडी पुरे. उरलेला पैसा एसएसडीत घाला किंवा पुस्तकांत. मधला मार्ग हवा असेल, तर २७ इंची २५६० × १४४० चा मॉनिटर पाहा. त्यात इंचाला १०९ ठिपके येतात आणि किंमतही मधलीच असते. ४३ इंची स्वस्त फोर-के टीव्ही मात्र मॉनिटर म्हणून घेऊ नका. त्यात इंचाला १०२ च ठिपके पडतात, आणि पुष्कळ टीव्हींवर रंगीत अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपल्या वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे, म्हणजे या आणि पाहा. खरेदीतही हेच करावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की नागपुरात सीताबर्डी, दुकानात रंगीत व्हिडिओ लावलेला असतो, त्याला भुलू नका. पेन ड्राइव्हवर मराठीचे एक दाट पान न्या आणि तेच लावायला सांगा. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण काळा, पांढरा, तांबडा, हिरवा, निळा करून मेलेला ठिपका आहे का ते पाहा. एक-दोन ठिपक्यांसाठी पुष्कळ कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, म्हणून परत घेण्याची मुदत आधीच विचारून घ्या. जीएसटीचे पक्के बिल मागा, आणि ते बिल व खोके वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.

आणि ज्या मुलीला किंवा मुलाला त्या पडद्यासमोर बसायचे आहे, त्यालाच दुकानात सोबत न्या. पैसे आपले असले तरी डोळे त्याचे आहेत.

जय भीम, नमो बुद्धाय.