मक्याची फवारणी अन् बेडकांची वीण एकाच वेळी. नाल्यातलं तणनाशक विहिरीपर्यंत जाऊ शकतं

जळगाव/धुळे : मृगाचा जोरदार पाऊस झाला की रावेर, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा भागात दोन कामं सोबतच सुरू होतात. शेतात मक्याची पेरणी अन् बांधालगतच्या डबक्यात बेडकांची वीण. पेरणीनंतर तण उगवण्याआधीच तणनाशक मारलं जातं. मक्यात त्यासाठी ॲट्राझीन सर्रास वापरतात. पुढच्या पावसात त्यातलं काही वाहून नाल्यात, डबक्यात उतरतं. बेडकांची अंडी नेमकी तिथंच असतात.

बेडकालाच फटका का?

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. शेपटीवाली पिल्लं पाण्यातच वाढतात. त्यांची कातडी पातळ, त्यामुळे पाण्यातलं औषध थेट अंगात जातं. शेपूट गळणं, पाय फुटणं, नर-मादी ठरणं हे सगळं याच काही आठवड्यांत होतं.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २००२ मध्ये दाखवलं, की १ कोटी लिटर पाण्यात १ ग्रॅम इतक्या कमी ॲट्राझीननेही नर पिल्लांमध्ये मादीचे अवयव तयार होतात. १ कोटी लिटर म्हणजे ३० बाय ३० मीटरची चार-पाच भरलेली शेततळी. एकरी फवारा मात्र काही शे ग्रॅमचा असतो. २०१० च्या प्रयोगात तर दहापैकी एक नर पूर्ण मादी बनला. उत्पादक कंपनीने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत, वाद अजून मिटलेला नाही.

शेतकऱ्याचा संबंध काय?

युरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझीनची परवानगी काढली, ती बेडकांसाठी नव्हे, तर भूजलात ते सापडत होतं म्हणून. म्हणजे प्रश्न विहीर-बोअरच्या पाण्याचाही आहे. आपल्याकडे केंद्राने मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझीन होतं. तरी ते दुकानात मिळतंच. शिवाय बेडूक पिकावरचे किडे खातो. तो कमी झाला तर फवारणीचा खर्च वाढण्याचीच भीती.

बंदी होईल तेव्हा होईल. तोवर एवढं हातात आहे : पंप नाल्यात किंवा विहिरीजवळ धुवायचा नाही, धुवण शेतातच शिंपडायचं. आभाळ भरून आलं असेल तर फवारा थांबवायचा. नाल्याकडेच्या पट्ट्यात तणनाशक न मारता निंदणी करायची. मजुरी लागेल, पण तेवढं औषध पाण्यात जाणार नाही.