किमतीच्या पाटीवर युनिट कुठे आहेत?



लग्नसराई आणि उन्हाळा एकदम आले की बारामती-इंदापूर रस्त्यावर फ्रीजच्या ऑफरींचे फलक झळकू लागतात. शून्य डाउन पेमेंट, जुना द्या नवा न्या, स्टॅबिलायझर मोफत! आमच्या लासुर्ण्याचा माणूस ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला की भवानीनगर, जंक्शन नाहीतर थेट बारामती गाठतो. दुकानात त्याला दाराचा रंग दाखवतात, महिन्याचा हप्ता सांगतात. तो फ्रीज वर्षाला किती युनिट खाणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरे तर हा आकडा फ्रीजच्या दारावरच छापलेला असतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 मध्ये स्टार लेबल आणले आणि 2010 पासून फ्रॉस्ट फ्री फ्रीजवर ते सक्तीचे केले. पण लेबलचा अर्धा भाग ‘धमाका ऑफर’च्या स्टिकरखाली झाकून टाकायचा आणि वर दिसणाऱ्या ताऱ्यांकडे बोट दाखवायचे, ही विक्रीची जुनी रीत झाली आहे.

नुसत्या ताऱ्यांवर जाऊन फसायला होते. तारे त्या-त्या प्रकारात आणि आकारात मोजून दिलेले असतात. एका दाराचा साधा फ्रीज आणि फ्रॉस्ट फ्री यांचे तक्तेच वेगळे. म्हणून मोठा पाच स्टार फ्रीज लहान तीन स्टारपेक्षा जास्त वीज ओढू शकतो. शिवाय हे तक्ते काही वर्षांनी कडक होतात. जानेवारी 2023 मध्ये ते बदलले. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे नव्या मोजमापात तेवढेच भरतील, याची खात्री नाही. लेबलवर कालावधी असतो, तो वाचावा. वार्षिक युनिटांचा आकडा मात्र कोणत्याही दोन फ्रीजमध्ये सरळ ताडून पाहता येतो.

आता हिशेब करू. एका लेबलवर वर्षाला 180 युनिट आहेत आणि दुसऱ्यावर 120, असे धरा. फरक 60 युनिटांचा. महावितरणच्या घरगुती दरात महिन्याची पहिली 100 युनिट स्वस्त, त्यापुढचा दर जवळपास दुप्पट. वीज वाहून आणण्याचा वहन आकार धरला तर तिथे युनिट 11 रुपयांच्या आसपास पडते. पंखे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर यांतच शंभरी गाठणाऱ्या घरात वाचलेले प्रत्येक युनिट याच महागड्या टप्प्यातले. म्हणजे वर्षाला साडेसहाशे रुपये, दहा वर्षांत साडेसहा हजार. दुकानात दीड-दोन हजार कमी केले म्हणून खूश होणाऱ्याला हे कोण सांगणार?

त्यातही लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला. इंदापूर तालुक्यातल्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून उभा केलेला फ्रीज त्याहून जास्तच खाणार. आणि चार माणसांच्या घरी 180-200 लिटरचा साधा फ्रीज पुरत असताना ‘मोठा घ्या, हप्त्यात दोनशेचाच फरक’ म्हणून गळ्यात मारलेला दोन दारांचा फ्रीज अर्धा रिकामा थंड होत राहतो. घरच्या दुधाच्या किटल्या ठेवायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

व्हर्लपूल, एलजी आणि हायर यांचे कारखाने याच पुणे जिल्ह्यात, रांजणगावला आहेत. फ्रीज बनतात जिल्ह्यात, आणि त्यांची माहिती मात्र शंभर किलोमीटरवरच्या लासुर्ण्याला पोहोचेपर्यंत स्टिकरखाली जाते!

सरकारही यात मागे नाही. एक स्टार असो वा पाच, जीएसटी सरसकट 18 टक्के. वीज वाचवा म्हणून जाहिरातींवर खर्च करायचा आणि वीज वाचवणाऱ्या वस्तूवर रुपयाची सवलत द्यायची नाही, हे कुठले धोरण? वीजपुरवठ्याचीही तीच गत: वाड्यावस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज इतके पडते की दिवे मिणमिणतात. तिथे स्टॅबिलायझर ही चैन उरत नाही, त्याचा भुर्दंडही ग्राहकानेच सोसायचा.

वजनमापांची तपासणी होते तशी या लेबलांचीही तालुक्याच्या दुकानांत व्हावी, आणि किमतीच्या पाटीवर वार्षिक युनिट ठळक लिहिणे बंधनकारक करावे. तोवर ग्राहकांनी स्टिकर बाजूला सारून तो आकडा स्वतः वाचावा, आणि हप्त्याच्या कागदावर सही त्यानंतरच करावी.

– एक वाचक, लासुर्णे, ता. इंदापूर