पाटणचेरूची तपासणी ज्वारीच्या रानात व्हावी

शेतीसंशोधन संस्थांचं मूल्यमापन हा स्त्रीसंघटनांचा विषय आहे, असं सहसा कुणाला वाटत नाही. पोटगी, हुंडाबळी, रेशन, दारूचे गुत्ते यातूनच आपल्याला सवड नाही, त्यात हे आणखी कुठे, असं कुणी म्हणेल. पण ज्वारीच्या वाणाला दाणा किती भरावा, ताट किती उंच व्हावं, ते उपटायला किती जोर लागावा हे जिथे ठरतं, तिथे बाईच्या कंबरेचा आणि तळहातांचाही निकाल लागत असतो. तेव्हा मैत्रिणींनो, हा विषय आपलाच आहे.

हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. काम कोरडवाहू मुलखातल्या पिकांचं: ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. म्हणजे आपल्याच ताटातलं सगळं. जागतिक बँक, फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानं, श्रीमंत देशांची सरकारं अशांनी मिळून १९७१ मध्ये सीजीआयएआर नावाचा गट केला, त्या गटातलं हे केंद्र. अशा केंद्रांची काही वर्षांच्या अंतराने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी होत आली आहे. २००८ नंतर सगळ्या गटाचीच फेररचना झाली, २०१९ पासून सगळी केंद्रं एका छताखाली आणायची दुसरी. तपासणीत विचारतात ते असं: किती वाण दिले, किती शोधनिबंध निघाले, गुंतवलेल्या पैशाचा परतावा काय, कारभार कसा. प्रश्न वाईट नाहीत. ज्याने पैसा दिला त्याला ते पडणारच. पण ज्यांनी घाम दिला त्यांच्या प्रश्नांना त्या कागदावर रकाना नाही.

मंगळवेढ्याकडे बघा. तालुक्याची ओळखच ज्वारीचं कोठार अशी. खोल काळं रान, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरा, आणि मुरलेल्या ओलीवर पुढचं सगळं पीक. या भागातल्या मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात 'एम ३५-१' हा वाण निवडला गेला. १९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित बियाणं आलं, खरिपात ते भराभर पसरलं. रब्बीत मात्र मालदांडीला हलवणं कुणाला जमलं नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारणं बायांना पाठ आहेत. भाकरी पांढरी आणि मऊ होते, पीठ चिकट असतं म्हणून काठ न फाटता थापता येते, कडबा गोड असतो, जनावर टाकत नाही. शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलं. १९८१ साली पाटणचेरूला धान्याच्या प्रतीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथल्या अभ्यासात भाकरीची कसोटी म्हणून हाच वाण धरला गेला. चुलीपुढची पारख प्रयोगशाळेत गेली, हे त्यांच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे.

पण भाकरी ताटात येण्याआधीचं काय? रब्बी ज्वारी आपल्याकडे मुळासकट उपटतात. फेब्रुवारी-मार्चचं ऊन, भेगाळलेली जमीन, डोक्याच्या वर गेलेलं ताट. दोन्ही हातांनी धरून हिसका द्यायचा. तळहाताला फोड येतात, पात्यांनी हात चिरतात, कूस अंगभर खाजते. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळ्यावर आणायची. यात बायांचा वाटा किती, हे गावात कुणालाही विचारा. आता 'काढणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून ज्वारी परवडत नाही' अशी ओरड आहे. पाणी मिळेल तिथे ऊस येतो. माणसं मिळत नाहीत म्हणजे बाया मिळत नाहीत, एवढं सरळ कुणी बोलत नाही. ज्या रोजात ज्या कामाने शरीर मोडतं, त्या रोजात बाई ते काम करायला तयार नाही, यात तिचं काय चुकलं?

यावर यंत्र, किंवा यंत्राला सोयीचं बुटकं ताट, असा तोडगा निघतो. तो तितका सोपा नाही. ताट बुटकं झालं की कडबा गेला, आणि कडब्यावर घरची दोन जनावरं जगतात. यंत्र आलं की स्वतःच्या रानात राबणारीची कंबर वाचेल, पण दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारीचे दोन महिन्यांचे पैसे जातील. आपल्या संघटनेत या दोघीही आहेत. त्यांचं म्हणणं एक नाही, आणि ते एक असल्याचा आव आपणही आणू नये. मात्र हा वाद पाटणचेरूच्या सभागृहात त्यांच्या पाठीमागे मिटवला जाऊ नये.

दुसरी गोष्ट हिशोबाची. १९७५ पासून इक्रिसॅटने काही गावांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातली दोन आपल्या जिल्ह्यातली: मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. गावागणिक चाळीस कुटुंबं, निवड जमिनीच्या मालकीवरून, आणि गावात राहून नोंदी घेणारे तपासनीस. बाईचे आणि पुरुषाचे कामाचे तास, रोज, सगळं वेगवेगळं टिपलेलं. असं काम आपल्या देशात फार थोड्यांनी केलं. १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा गाजलेला निबंध आला, त्यात शिरापूरचे आकडे आहेत. परदेशी विद्यापीठांत शिरापूरवर पदव्या मिळाल्या. मग माझा साधा प्रश्न: शिरापूरच्या बाईला तिच्याच घामाचे ते आकडे मराठीत, चावडीवर, कोण वाचून दाखवणार? किमान वेतनाच्या भांडणात यापेक्षा भक्कम पुरावा कुठला?

'अडाणी बाया विज्ञानाची काय तपासणी करणार', हा आक्षेप येईल. त्याला उत्तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे. जहीराबादजवळच्या अल्गोल गावात जून २००१ मध्ये 'प्रजातीर्पू' नावाची ज्युरी बसली. लहान शेतकरी, मजूर, त्यात बहुसंख्य बाया. त्यांनी अधिकाऱ्यांची, शास्त्रज्ञांची, कंपनीवाल्यांची उलटतपासणी घेतली. देखरेखीला सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. तेव्हाच्या आंध्र सरकारच्या 'व्हिजन २०२०'मध्ये शेतीतली माणसं कमी करायची योजना होती. ज्युरीने ती नाकारली आणि बियाणं, जमीन आपल्या हातात राहावी असा निकाल दिला. त्याच भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांनी स्वतःच्या बीजपेढ्या चालवल्या. पाटणचेरूच्या जनुकपेढीत लाखाहून जास्त नमुने थंडाव्यात आहेत, तेही कधीतरी कुणाच्या तरी कणगीतूनच गेले. आणि २००० पासून खाजगी बियाणे कंपन्या वर्गणी भरून तिथल्या संकरित वाणांचे जनक घेतात. घरचं बी राखणारी बाई वर्गणीदार होऊ शकत नाही. तिच्यासाठी कोणतं खातं उघडलंय, हे तपासणीत विचारलं गेलं पाहिजे.

२०२० साली इक्रिसॅटला पहिल्यांदा महिला महासंचालक मिळाल्या. आनंद आहे. पण खुर्चीवर बाई आली म्हणून रानातल्या बाईचा प्रश्न मार्गी लागतो, असं आपण सरपंचपदाच्या बाबतीतही म्हणत नाही.

म्हणून पुढच्या तपासणी समितीत कोरडवाहू भागातल्या शेतकरी आणि मजूर बाया निम्म्या असाव्यात. नुसत्या 'साक्षीदार' म्हणून नव्हे, गुण देणाऱ्या म्हणून. वाण पास करताना उताऱ्याबरोबर काढणीचे तास आणि कडबा मोजावा. गावअभ्यासाचे आकडे आधी त्या गावाला मिळावेत. आणि समितीने ऑगस्टात हिरवं रान बघायला न येता फेब्रुवारीअखेर मंगळवेढ्याला यावं, काढणी चालू असताना. बाया बोलायला थांबतील, त्या दिवसाचा रोज मात्र समितीने द्यावा.