रॉबिन हूडचा सावकार कुठे गेला?

रॉबिन हूडचा सिनेमा म्हटलं की आमच्या घरात लहानथोर सगळे बसतात. तेव्हा ही पोस्ट वाचून नातेवाईक बोलणार, हे गृहीत धरूनच लिहितोय. माझी तक्रार एकच आहे. सिनेमावाल्यांनी या दरोडेखोराला राजाचा माणूस करून टाकला आणि गोष्टीतला सावकार गायब केला.

१५०० च्या सुमारास छापलेलं 'अ जेस्ट ऑफ रॉबिन हूड' नावाचं एक लांबलचक इंग्रजी कथाकाव्य आहे. त्यात एक कर्जबाजारी सरदार भेटतो. मुलाला सोडवण्यासाठी त्याने यॉर्कच्या मठाधिपतीकडे जमीन गहाण टाकलीय, ४०० पौंडांना. मुदत संपत आलीय आणि जमीन गिळायला मठाधिपती टपून बसलाय. रॉबिन त्याला ४०० पौंड देतो, जामीन म्हणून फक्त मेरीमातेचं नाव घेतो. पुढे त्याच मठाच्या साधूला लुटून ८०० वसूल करतो! नांदेड-लातूरकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागतं का? गहाणखत, मुदतीचा दिवस, आणि कर्ज फिटू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला सावकार.

आता सिनेमे बघा. १९३८ चा एरॉल फ्लिन म्हणजे जन्मानेच 'सर रॉबिन'. १९९१ चा केव्हिन कॉस्टनर उमरावाचा मुलगा. दोन्हीकडे वाईट माणसं सत्ता बळकावतात आणि शेवटी रिचर्ड राजा परत येऊन सगळं गोड करतो. जेस्टमधला रॉबिन मात्र साधा माणूस आहे. त्यातला राजा एडवर्ड, रिचर्ड नव्हेच. तो रॉबिनला माफी देऊन दरबारी नेतो, पण सव्वा वर्षात कंटाळून हा पठ्ठ्या पुन्हा जंगलात!

२०१० चा रिडली स्कॉटचा सिनेमा त्यातल्या त्यात बरा, कारण रसेल क्रो निदान साधा तिरंदाज आहे. पण त्याला कायद्याबाहेरचा ठरवतात कधी, तर सिनेमा संपताना. लातूरचे मामा बघता बघता वैतागून म्हणाले, "अरे, हा दरोडे घालायला कधी लागणार?" मध्ये एकदा रात्री धान्याच्या गाड्या अडवून बियाणं परत आणतात आणि रातोरात पेरतात. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला तोच खरा प्रसंग. पण दिग्दर्शकाला घाई राजाच्या सनदेची आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या लढाईची.

कोणी म्हणेल, दंतकथाच ती, ज्याने त्याने आपापल्या परीने सांगावी. सांगा की! पण प्रत्येक वेळी सावकारच का गळतो? कारण वाईट राजा बदलता येतो, तीन तासांत सुद्धा. गहाणखत कोणाच्या राज्याभिषेकाने फाटत नाही. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यांना शत्रू नेमका कुठे बसलाय ते ठाऊक होतं.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ च्या 'फकिरा'त नायकाला कुठल्या उमरावाच्या घरात जन्माला घातलं नाही. भूक, हजेरीचा जाच आणि सरकारी खजिन्याची लूट, सगळं उघड सांगितलं. आमच्या नांदेड जिल्ह्यातले नोवसाजी नाईक १८१९ साली नोव्ह्याच्या किल्ल्यात निजामाच्या फौजेशी लढले. सरकारदरबारी तेही बंडखोरच. उद्या कोणी त्यांच्यावर मोठा सिनेमा काढला, तर जरूर काढावा. फक्त शेवटी कोणा राजाच्या हातून त्यांना शाबासकी देऊ नका.

असो. मामा, फोनवर भांडण्यापेक्षा खाली प्रतिक्रियेत भांडा. बाकीच्यांनाही वाचू दे.