सदाफुली लावण्याआधी एवढे विचारा

सदाफुली आपल्या दारात कुणी न लावताही येते. शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. पण याच झाडातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही व्हिन्क्रिस्टिनवाचून डॉक्टरांचे भागत नाही. हेच सांगत एखादा एजंट बांधावर येतो : रोपे आमच्याकडून घ्या, माल आम्ही उचलतो, एकरी लाख रुपये कुठे गेले नाहीत!

शेतकरी बंधूंनो, औषधाची गोष्ट खरी आहे. पुढचे मात्र तो सांगणार नाही. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. म्हणून शास्त्रज्ञ आता पानापेक्षा पानातल्या कारागिरांच्या मागे आहेत. हे कारागीर म्हणजे विकरे, एन्झाइम. विरजणातले जिवाणू आपल्या विकरांच्या जोरावरच दुधाचे दही करतात. सदाफुलीत अशी विकरे तीसेक पायऱ्या चढतात, तेव्हा कुठे औषध तयार होते. त्यातले हरवलेले दुवे 2018 मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधील गटाला सापडले. 2022 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ही विकरे चक्क यीस्टमध्ये बसवली. व्हिनब्लास्टिनचे दोन्ही भाग यीस्टने बनवले, सांधा तेवढा प्रयोगशाळेत जोडला. त्याआधी 2010 मध्ये अमेरिकेत जिवाणूंची विकरे सदाफुलीत घालून, तिने कधीच न केलेले क्लोरीनचे नवे रेणू तिच्याकडून करून घेतले होते. उद्याची औषधे अशा फेरफारातून निघू शकतात.

मग पाला उद्याच बाद होणार का? नाही. यीस्टमधून मिळाले ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. शिवाय हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचा दाखला आहेच. 2013 मध्ये त्याचे यीस्टच्या मदतीने कारखान्यात उत्पादन सुरू झाले, पण झाडापासूनचा माल एवढा स्वस्त झाला की कारखान्याला परवडेना. कारखाना हरला खरा. पण पडलेल्या भावात शेतकरी तरी कुठे जिंकला?

पांढऱ्या मुसळीच्या वेळी बेणे विकणारे कमावून गेले आणि पीक काढणारे गिऱ्हाईक शोधत फिरले, हे विसरू नका. खरेदीदार कंपनी कोणती, भाव कागदावर आहे का, पानातला औषधी अंश कोण तपासणार, कमी भरला तर माल परत येणार का, हे आधी विचारा. ग्रामपंचायतीच्या आणि कृषी खात्याच्या मंडळींनीही एजंटाची सभा भरवून देण्याआधी त्याचा करारनामा वाचून घ्यावा. रोपांचे पैसे आधी मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.