कर्ण्याला न पेललेला ऑर्गन

माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग असला की नांदीआधी ऑर्गन सूर धरतो. पायाखाली भाता हलतो, हवा आत ओढली जाते, पितळी स्वरपट्ट्या थरथरू लागतात. हे वाद्य मुळात पाश्चात्त्यांच्या घरांतले आणि लहान चर्चमधले. मराठी रंगभूमीने ते इतके आपलेसे केले की गंधर्व नाटक मंडळीची आठवण थिरकवाँच्या तबल्याइतकीच हरिभाऊ देशपांड्यांच्या ऑर्गनशी जोडलेली आहे.

चर्चमधल्या मोठ्या, नळ्यांच्या ऑर्गनला मात्र सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाने न्याय दिला नाही. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन सर्रास वापरला जात नव्हता. कर्ण्यासमोर गायचे, त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच कोरायची. ऑर्गन इमारतीतच बांधलेला, म्हणून कर्णाच तिथे न्यावा लागे. १९१० मध्ये कोलंबिया कंपनीने सॉल्ट लेक सिटीच्या टॅबरनॅकल या प्रार्थनागृहात तो प्रयोग केला. पण सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा, आणि कर्ण्याची सुई खर्जाला जवळजवळ बहिरी. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या वास्तूत असा खर्ज बाकाच्या लाकडातूनही अंगाला जाणवतो. तबकडीवर त्याची नुसती सावली उरली.

आपली पेटी मधल्या सप्तकातली, तिला कर्णा मानवला. भारतात १९०२ पासून तबकड्या भरल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला त्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात; तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून गायक शेवटी आपले नाव उच्चारी. साथीदाराचे नाव बहुधा ना बोलले जाई, ना लेबलावर येई. तीन-साडेतीन मिनिटे जीव ओतून वाजवणारी ती माणसे निनावी राहिली, ही हळहळ मला त्या तबकड्या ऐकताना दरवेळी वाटते.

संगीत नाटकातले गायकनट केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत कर्ण्यातूनच आला आहे. त्या तबकड्यांवरून त्यांच्या गळ्याचा किंवा साथीचा अखेरचा निवाडा कुणी देऊ नये.

रंगभूमीवरचा ऑर्गन मात्र अजून ऐकता येतो. नाट्य परिषदेचे यशवंत नाट्यमंदिर एखाद्या सकाळी रिकामे मिळावे, जुना ऑर्गन रंगमंचावर ठेवावा, एकेक खुंटी ओढून त्याचा खर्जापासून तारापर्यंतचा प्रत्येक सूर नीट मुद्रित करावा. नंतर नाट्यपदांची साथ करणाऱ्या बुजुर्गांना मनसोक्त वाजवू द्यावे. कुणाच्या घरी, एखाद्या मंडळाच्या माळ्यावर असा ऑर्गन धूळ खात पडला असेल, तर भंगारात देण्याआधी तो जाणकाराला दाखवा. फाटलेला भाता बदलता येतो, अडकलेली पट्टी साफ करता येते.

आणि ते मुद्रण प्रसिद्ध करताना वादकाचे नाव गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे.